पासवर्ड विसरलात? तो कंपनीलाही ठाऊक नसतो

दिवाळीच्या आठवड्यात दुकानात एक पोरगा आला. अमळनेर स्टेशनच्या रस्त्यावर माझं रिचार्ज, झेरॉक्स आणि ऑनलाइन फॉर्म भरायचं दुकान आहे. सुरतेच्या गाडीतून उतरलेली मंडळी घरी जायच्या आधी इथे एकदा डोकावतातच. हाही तसाच, सुरतेत लूमवर काम करणारा, मूळ पारोळ्याकडचा. पाठीवरची बॅगही न उतरवता म्हणाला, "दादा, पासवर्ड भुली गऊ. पैसा अटकी गयात."

रमीच्या एका अ‍ॅपात त्याचे २,३०० रुपये पडून होते. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा मंजूर केला, २२ तारखेला राष्ट्रपतींची सही झाली आणि पैसे लावून खेळायचे खेळ मोठमोठ्या कंपन्यांनी गुंडाळले. टीम इंडियाच्या जर्सीवरचं अशाच एका कंपनीचं नावसुद्धा उतरलं. नवे पैसे भरायची सोय बंद झाली, शिल्लक काढायची मात्र बऱ्याच कंपन्यांनी चालू ठेवली. तेव्हापासून "माझे पण होते रे थोडे" म्हणत येणारे वाढले. कोणाचे दीडशे, कोणाचे चार हजार. खेळत होते तोवर फोनमध्ये खातं उघडंच असायचं, पासवर्डची गरजच पडायची नाही. मग फोन बदलला, अ‍ॅप उडवलं, आणि आता समोर फक्त एक निळी ओळ: 'पासवर्ड विसरलात?'

त्या ओळीवर बोट ठेवलं की पडद्यामागे काय होतं, ते एकदा नीट सांगतो. रोज तेच सांगून घसा बसायची वेळ आली आहे.

आधी तीन गोष्टी वेगळ्या करू

गिऱ्हाईक पासवर्ड, ओटीपी आणि पिन हे तिन्ही शब्द एकाच अर्थाने वापरतं, आणि अर्धा गोंधळ तिथेच होतो.

पासवर्ड म्हणजे अ‍ॅपचं दार उघडणारा तुमचा गुप्त शब्द. ओटीपी म्हणजे एकदाच चालणारा आकडा, मोबाईलवर येतो आणि काही मिनिटांत मरतो. कार्डाने ऑनलाइन पैसे देताना दुसरा पुरावा हवाच, असं रिझर्व्ह बँकेने २००९ मध्ये सक्तीचं केलं, तेव्हापासून हा ओटीपी आपल्या घरात शिरला. तिसरा यूपीआय पिन, चार किंवा सहा आकड्यांचा. त्याचा अ‍ॅपशी संबंध नाही, तो तुमच्या बँकखात्याचा असतो. गेमचा पासवर्ड बदलला म्हणून पिन बदलत नाही, आणि पिन आठवतो म्हणून गेमचं खातं उघडत नाही.

चौथी गोष्ट अ‍ॅपातल्या पाकिटाची. आमच्याकडे वैशाखात बोरी नदीच्या पात्रात सखाराम महाराजांची यात्रा भरते. तिथे पाळण्यात बसायला कुपनं घेतली, तर ती शेजारच्या भेळवाल्याकडे चालत नाहीत, पाळणेवाल्याकडेच चालतात. गेमच्या अ‍ॅपातली शिल्लक बहुतेक वेळा अशीच असते. जे पाकीट फक्त काढणाऱ्याच्याच दुकानात चालतं, त्याला रिझर्व्ह बँकेची परवानगी लागत नाही. म्हणूनच पासबुक घेऊन बँकेत गेलात तर मॅनेजर हात वर करतो. तो टाळत नसतो, ते कुपन खरोखरच त्याचं नसतं.

कंपनी जुनाच पासवर्ड सांगून का टाकत नाही?

हा प्रश्न रोज येतो. "आम्ही टाकलेला पासवर्ड त्यांच्याकडे असेलच ना? मग मेलवर पाठवायला काय जातंय?"

१९४५ साली वनस्पती तेल काढायला आमच्या अमळनेरात निघालेली कंपनी पुढे विप्रो झाली. घाण्यापासून कॉम्प्युटरपर्यंतची वाट आमच्या गावाला नवी नाही, तेव्हा उदाहरणही गिरणीचंच घेतो.

तुम्ही गिरणीत दादर, म्हणजे आमच्याकडची ज्वारी, टाकली. पीठ निघालं. आता त्या पिठातून दादरीचे दाणे परत काढून दाखवा! जमणार नाही. नीट चालणारी कंपनी तुमच्या पासवर्डचं हेच करते. टाकलेला शब्द ती गणिताच्या गिरणीत दळते, दाणे फेकून देते आणि पीठ तेवढं डब्यात ठेवते. पुढच्या वेळी तुम्ही पासवर्ड टाकता तेव्हा ते दाणे पुन्हा दळले जातात आणि नवं पीठ डब्यातल्या पिठाशी जुळवून पाहिलं जातं. जुळलं की दार उघडलं. म्हणजे तुमचा पासवर्ड माहीत नसतानाही तो बरोबर की चूक, हे कंपनीला कळतं.

खरी गिरणी इथे थोडी कमी पडते. दोन पोत्यांतल्या दादरीचं पीठ साधारण सारखंच दिसतं. गणिताच्या गिरणीत एक अक्षर बदललं, नुसतं लहानाचं मोठं केलं, तरी पीठ ओळखू येणार नाही इतकं बदलतं. म्हणून "जवळपास बरोबर होता" याला तिथे काही किंमत नाही.

एवढा खटाटोप का करायचा, तर ती गोष्ट जुनी आहे. १९६१ च्या सुमारास अमेरिकेतल्या एमआयटीत एकच मोठा कॉम्प्युटर अनेक जण पाळीपाळीने वापरत, म्हणून प्रत्येकाला पासवर्ड दिले गेले. ते सगळे एका फाइलीत जसेच्या तसे ठेवलेले होते. पुढच्याच वर्षी तिथल्या एका संशोधकाला मशीनवर जास्त वेळ हवा होता, म्हणून त्याने ती फाइलच छापून घेतली. सगळ्यांचे पासवर्ड कागदावर! पासवर्डचा जन्म आणि पासवर्डची चोरी यांत वर्षभराचं अंतर.

आता कोणी विचारेल, पीठच चोरीला गेलं तर? चोर गप्प बसत नाही. तो लोकांचे आवडते पासवर्ड घेतो, नावापुढे १२३, जन्मतारीख, देवाचं नाव, आणि ते आपल्या गिरणीत दळून पाहतो. कुठलं पीठ जुळलं की दाणा सापडला. त्यावर तोड म्हणून प्रत्येकाच्या दळणात वेगळं चिमूटभर काहीतरी मिसळतात, आणि तंत्रज्ञ त्याला चक्क मीठ म्हणतात. मग दोघांचा पासवर्ड एकच असला तरी पीठ वेगवेगळं निघतं आणि चोराला प्रत्येक डब्यासाठी दळण नव्याने काढावं लागतं. काम लांबतं, पण 'नाव@१२३' मिठानेही वाचत नाही.

उलट बाजूही सांगून ठेवतो. एखाद्या साइटने तुमचा जुना पासवर्ड जसाच्या तसा मेलवर पाठवला, तर खूश होऊ नका. तिथे डब्यात दाणेच ठेवलेत. शिल्लक काढा आणि निघा.

मग रीसेट म्हणजे काय?

किल्ली हरवली तर कुलूपवाला दुसरी किल्ली करून देतो. इथे तसं नाही, इथे कुलूपच बदलतात. आणि बदलण्यापूर्वी विचारतात, घर तुझंच कशावरून?

गावात या प्रश्नाला शेजारी उत्तर देतो, "हो हो, आमच्या नानाचाच पोरगा." अ‍ॅपाला शेजारी नाहीत. मग खातं काढताना तुम्ही दोन साक्षीदार लिहून दिलेले असतात, मोबाईल नंबर आणि ईमेल. 'पासवर्ड विसरलात' म्हटलं की अ‍ॅप त्यातल्या एकाकडे चिठ्ठी पाठवतं. ती चिठ्ठी ज्याच्या हातात, घर त्याचं. अ‍ॅपाच्या लेखी मालक ओळखायची खूण एवढीच. तुमचा चेहरा, तुमचं कूळ, तीन वर्षं खेळलेले डाव, सगळं नंतर.

ही चिठ्ठी म्हणजे मेलमधली लिंक किंवा एसएमएसमधला आकडा. तिचे काही स्वभाव आहेत. ती एकदाच चालते. ती थोडाच वेळ जगते. आणि तुम्ही घाईने तीन वेळा मागितली तर बहुतेक ठिकाणी शेवटची तेवढी खरी, आधीच्या दोन रद्द. आमच्या दुकानात हे रोज घडतं: मेल यायला उशीर, गिऱ्हाईक पुन्हा बटण दाबतं, मग तीन मेल एकदम येतात आणि ते वरचा सोडून खालचा उघडतं. 'लिंकची मुदत संपली.' त्यात लाइट गेली तर विचारायलाच नको.

आणखी एक ओळ लोकांना चिडवते: 'या ईमेलचे खाते असल्यास आम्ही लिंक पाठवली आहे.' असल्यास म्हणजे काय, तुम्हाला ठाऊक नाही का? ठाऊक आहे, पण मुद्दाम सांगत नाहीत. 'असं खातं नाही' असं उत्तर मिळालं असतं, तर चोराने हजार ईमेल टाकून कोणाकोणाची खाती आहेत याची यादीच काढली असती. तेव्हा लिंक आली नाही, तर आधी वेगळ्या ईमेलने खातं काढलं होतं का ते आठवा.

कुलूप बदलल्यावर बऱ्याच अ‍ॅपांत लगेच पैसे काढता येत नाहीत, काही तास किंवा दिवस थांबवतात. चोराने कुलूप बदललं असेल तर खऱ्या मालकाला ओरडायला तेवढा वेळ मिळावा, म्हणून ही अडवणूक. थांबलेलं बरं.

आईचं माहेरचं आडनाव काय?

पूर्वी रीसेटसाठी असले प्रश्न विचारत, काही जुन्या साइट अजून विचारतात. हे प्रश्न ज्याने काढले तो खान्देशात कधी लग्नाला गेला नसावा. आईचं माहेर, मामाचं गाव, कूळ, देवक, सोयरे कोण हे आमच्याकडे पंगतीत बसलेल्या प्रत्येकाला पाठ असतं. अमेरिकेच्या सरकारी मानक संस्थेने २०१७ च्या नियमांत असल्या प्रश्नांना रजा दिली. तुमच्या अ‍ॅपाने तरीही विचारलंच तर खरं उत्तर देऊ नका. आईचं आडनाव 'केळफूल' लिहा आणि घरच्या वहीत नोंद करा. कोणी तपासायला येत नाही.

नंबरच बंद झालाय, आता?

त्या पोराचं घोडं इथेच अडलं होतं. सुरतेला गेल्यावर त्याने तिकडचं सिम घेतलं, गावचं रिचार्ज केलं नाही, ते बंद पडलं. बंद झालेला नंबर ९० दिवस कोणालाही देत नाहीत, त्यानंतर तो दुसऱ्याला मिळू शकतो. म्हणजे तुमच्या साक्षीदाराच्या जागी अनोळखी माणूस उभा राहतो आणि तुमची चिठ्ठी त्याच्या खिशात जाते. तो भला असेल तर ठीक.

नंबर तुमच्याच नावावर चालू आहे, नुसतं सिम हरवलंय, तर सोपं आहे. कंपनीच्या दुकानात ओळखपत्र घेऊन जा, त्याच नंबरचं दुसरं सिम मिळतं. मात्र पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत नाहीत. सिम बिघडलेलं नसतं. दुसऱ्याच्या नंबरचं सिम लबाडीने काढून लगेच ओटीपी उचलायचा धंदा चालायचा, त्याला घातलेला तो बांध आहे.

नंबर कायमचा गेला असेल तर दुसरा साक्षीदार, म्हणजे ईमेल. तोही नसेल तर अ‍ॅपाच्या आत किंवा त्यांच्या अधिकृत साइटवर 'मदत' शोधा आणि लेखी तक्रार टाका. सोबत पॅन कार्ड, ज्या बँकखात्यातून पैसे भरले त्याचं स्टेटमेंट आणि जुना नंबर द्या. पैसे भरल्याचा यूपीआयचा व्यवहार क्रमांक मिळाला तर उत्तम, तो तुमच्या बँकेकडेही असतो आणि तो चोराकडे सहसा नसतो. नावाचं स्पेलिंग पॅनवर एक आणि बँकेत दुसरं असेल तर आठवडा धरून चाला. कंपनी दादच देत नसेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे.

गूगलवर कस्टमर केअरचा नंबर मिळाला ना!

तोच तर घात आहे. शोधून सापडलेला दहा आकडी मोबाईल नंबर बहुतेक वेळा कंपनीचा नसतो. भामटे असे नंबर पेरून ठेवतात, कारण पासवर्ड विसरलेला माणूस घाईत असतो, थोडा लाजलेला असतो आणि गेमचा विषय असेल तर घरी कोणाला सांगतही नाही. त्यांना यापेक्षा बरं गिऱ्हाईक कुठलं?

दुकानात आलेल्या त्या पोरानेही गाडीतून असा एक नंबर लावलाच होता. समोरचा गोड हिंदीत म्हणाला, एक छोटं अ‍ॅप टाका, आम्ही इथूनच तुमचा पासवर्ड बदलून देतो. ते अ‍ॅप तुमच्या फोनचा पडदा त्याला दाखवतं, तुम्ही दाबलेलं आणि तुम्हाला आलेलं सगळं. अर्ध्यात याच्या फोनची बॅटरी संपली. जनरलच्या डब्यात चार्जिंगचा बोर्ड कोणीतरी अडवून बसला होता, त्या अनोळखी माणसाचे उपकारच म्हणायचे.

ओळखायची खूण सांगतो. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही, फक्त द्यायला लागतो. "तुमचे पैसे परत पाठवतोय, पिन टाका" असं कोणी म्हटलं की फोन ठेवा. पैसे गेलेच तर त्याच मिनिटाला १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावा. पैसे चोराच्या खात्यातून पुढे सरकायच्या आत गोठवता आले तरच हाती लागतात, म्हणून "सकाळी पाहू" इथे चालत नाही.

पैसे मागायला गेलो तर मलाच धरतील?

नव्या कायद्याची भीती बऱ्याच जणांना आहे. कायद्याचा रोख खेळ चालवणाऱ्यांवर, जाहिरात करणाऱ्यांवर आणि पैशांची वाट काढून देणाऱ्यांवर आहे. चालवणाऱ्याला तीन वर्षांपर्यंत कैद आणि एक कोटीपर्यंत दंड आहे. खेळणाऱ्याला शिक्षा ठेवलेली नाही. तेव्हा स्वतःची शिल्लक मागताना घाबरायचं कारण नाही. "बंदी उठवलेल्या आमच्या नव्या अ‍ॅपात शिल्लक फिरवून देतो" असं सांगणारा भेटला, तर मात्र घाबरा.

हातात रक्कम कमी आली म्हणून भांडायला येणारेही आहेत. १ एप्रिल २०२३ पासून ऑनलाइन खेळातल्या निव्वळ कमाईवर ३० टक्के कर आधीच कापून घेतात. निव्वळ म्हणजे भरलेले पैसे वजा जाता. आमच्या पोराने भरले होते बरेच आणि उरले होते २,३००, त्यामुळे कापायला कमाईच नव्हती. हे त्याला समजावताना त्याचा चेहरा उतरला. तीन वर्षांचा हिशेब त्याने पहिल्यांदाच केला असावा.

साक्षीदार कोणाचा?

तर त्या पोराचा नंबर गेलेला, उरला ईमेल. विचारलं, ईमेलचा पासवर्ड? तो माझ्याकडे पाहत राहिला. "दादा, तुम्हीच करेल होता ना."

खरंच मीच केला होता. चार वर्षांपूर्वी नवा फोन घेऊन तो इथेच आला होता. त्या दिवसांत फोन घेणाऱ्या प्रत्येकाला मी ईमेल काढून द्यायचो, वीस रुपयांत. खालच्या खणातून दोनशे पानी वही काढली. नाव, ईमेल, पासवर्ड, निळ्या शाईत. त्याच्या नावापुढे पासवर्ड होता, तो चालला नाही, मधे कुठेतरी बदललेला. मग ईमेलचाच पासवर्ड विसरलो म्हणून बटण दाबलं. पडद्यावर आलं, शेवटी अमुक दोन आकडे असलेल्या नंबरवर कोड पाठवतो. आणि काउंटरवर ठेवलेला माझाच फोन वाजला.

तेव्हा घाईत, ओटीपी लवकर यावा म्हणून, मी त्याच्या ईमेलला माझाच नंबर लावून ठेवला होता. दुकानातला कॉम्प्युटरही तोच, त्यामुळे गूगलने फार खोदून विचारलंही नाही. पाच मिनिटांत ईमेल उघडला, त्यातून रमीच्या अ‍ॅपाची लिंक आली, नवा पासवर्ड बसला. तो मी त्यालाच टाकायला लावला, चार असंबद्ध शब्द एकापुढे एक, आणि तोंड दुसरीकडे केलं. पुढे अ‍ॅपाने नवा नंबर जोडायला पॅन मागितलं, सेल्फी मागितला, नऊ दिवस घेतले. २,३०० रुपये त्याच्या बँकेत आले तेव्हा तो सुरतेला परत गेलेला होता. फोनवर एवढंच म्हणाला, "माय ले नका सांगज्यात."

पण त्या संध्याकाळी शटर ओढल्यावर मी वही घेऊन बसलो. चौसष्ट नावं. मला त्यांचा एकही पासवर्ड लागत नव्हता. फक्त 'विसरलो' म्हणायचं होतं, चिठ्ठी माझ्याच फोनवर आली असती. कोणाचं बँकेचं स्टेटमेंट त्या मेलवर जातं, कोणाचे मुलीच्या नीटच्या फॉर्मचे कागद.

दुसऱ्या दिवसापासून दुपारी गर्दी कमी असते तेव्हा एकेकाला फोन लावतो आहे. या, ईमेलवरचा माझा नंबर काढू आणि तुमचा टाकू, पैसे नकोत. एकोणीस जण येऊन गेले. काहींना वाटतं मीच काहीतरी विकतोय. नऊ नंबर अस्तित्वात नाहीत. एका नंबरवर नाशिकची कुणी बाई बोलली, म्हणाली, हा नंबर मला दोन महिन्यांपूर्वीच मिळाला, आणि सारखे कुठल्यातरी गेमचे ओटीपी येतात हो यावर.